जांभळ्या ठिपक्याची तोकिए

जपानात सुवा तलावाच्या काठी ओकाया नावाचं गाव आहे. इथल्या कुठल्याही म्हातारीकडे चहाला बसा, बशीत नोझावानाच्या पाल्याचं लोणचं येणार आणि लोणच्यापाठोपाठ कारखान्याच्या गोष्टी येणार. कुणी घड्याळाचे काटे बसवलेले असतात, कुणी भिंगं घासलेली असतात. मासुझावा तोकिएचं लोणचं खारट असायचं, आणि ते ती स्वतःच कबूल करायची. कारखान्याच्या बाबतीत मात्र तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

चौदा वर्षं तिने कॅमेऱ्यांची नजर जुळवली. त्या काळच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहिलं की मधोमध एक पिवळसर चौकोन दिसायचा आणि त्यात सगळं दुहेरी असायचं, माणसाला दोन नाकं. भिंगावरची कडी फिरवत न्यायची. दोन नाकांचं एक झालं की समजायचं, आता हा माणूस फोटोत स्पष्ट येणार. ती दोन नाकं योग्य जागी एक होतात की नाही हे पाहायचं, आणि होत नसतील तर इवलासा स्क्रू केसभर फिरवून ती एक करायची, हे तोकिएचं काम. आधी खिडकीबाहेर तलावापलीकडचं मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, कारखान्याचं धुराडं पाहायचं. एवढ्या लांबचं म्हणजे कॅमेऱ्याच्या भाषेत अनंत. मग टेबलापासून मीटरभरावर ताणलेला पांढरा दोरा पाहायचा. दोन्ही जुळलं की कडी परत अनंतावर न्यायची, स्क्रूवर रंगीत लाखेचा ठिपका द्यायचा आणि कॅमेरा उजवीकडे सरकवायचा.

ठिपक्याचा रंग हीच मुलीची सही. लाल, हिरवा, पिवळा, पांढरा हे सगळे रंग आधीच्या मुलींनी पटकावले होते. पंधरा वर्षांची तोकिए सगळ्यांत शेवटी आली तेव्हा डब्यात काही उरलंच नव्हतं. रडत बसायच्याऐवजी तिने लाल आणि निळ्याचे तळाचे थेंब एकत्र घोटले. जांभळा झाला. तिची आई रेशमाच्या गिरणीत उकळत्या पाण्यातून कोष काढायची. तिची सालटलेली बोटं कधी भरून आली नाहीत. पहिल्या दिवशी जेवणाचा डबा हातात देताना आई एवढंच म्हणाली, "तुला कोरड्या हातांचं काम मिळालंय. नीट कर." तोकिएने ते इतकं नीट केलं की मुकादम नव्या मुलींना सांगायचा, जांभळा ठिपका दिसला की झाकण लावा, पुन्हा तपासू नका.

उजवीकडच्या टेबलावर हानाओका किसाए बसायची. तोकिएपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि तोंडाने वीस. शटर तपासणं तिचं काम. कडी अनंतावर नेली की भिंग आत जायचं, आणि भिंग आत असेल तरच कॅमेरा तिच्या साच्यात बसायचा. पहिल्या आठवड्यात तोकिए गडबडीत कडी परत न नेताच तीन कॅमेरे पुढे सरकवून बसली. किसाएने ते तिन्ही तिच्या अंगावर फेकले नाहीत एवढंच. "ए नवी! जीभ बाहेर काढलेला कॅमेरा माझ्याकडे पाठवायचा नाही. मी काय डॉक्टर आहे?" साऱ्या विभागाने ते ऐकलं. त्यानंतर असा एकही कॅमेरा गेला नाही.

पुढे तो विभागच बंद पडला. तोकिएने शाळेच्या स्वयंपाकघरात भात शिजवला, नवऱ्याचं दुखणं काढलं, त्याला पोचवलं. आयुष्याबद्दल विचारलं तर ती यातलं काही सांगत नसे. ती सांगायची, "रोज पन्नास-साठ. चौदा वर्षं. करा गुणाकार."

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. एवढे कॅमेरे हाताखालून गेले, पण तिने जन्मात एकही फोटो काढला नव्हता. कारखान्यातला माल बोटीने परदेशी जायचा, आणि कॅमेऱ्यात फिल्म घालायची वेळ तिच्या टेबलावर कधी यायचीच नाही. हलवायाच्या बायकोने कधी पेढा चाखला नाही, तसलं ते.

सत्त्याहत्तरावा वाढदिवस इथे मोठा मानतात आणि त्या दिवशी जांभळ्या रंगाचं काही द्यायची पद्धत आहे. बहुतेकांना जांभळी उशी मिळते. तोकिएची भाची मिनाको तोक्योहून आली ती जांभळ्या फडक्यात काहीतरी जड बांधून.

"मावशी, जुन्या बाजारात मिळाला. तुमच्या कारखान्याचाच आहे ना?"

तोकिएने गाठ सोडली. चष्मा लावला, शिवणाच्या पेटीतून बारीक पेचकस काढला, आणि पाहुण्यांचा चहा निवत असताना कॅमेऱ्याचं वरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. आत पन्नासहून जास्त वर्षांची धूळ होती. धुळीखाली, स्क्रूच्या डोक्यावर, मसुराच्या अर्ध्या डाळीएवढा जांभळा ठिपका होता. कुठे तडा नाही, कुठे ओरखडा नाही.

"हा माझा आहे," ती म्हणाली. मग सगळ्यांना एकेक करून दाखवला. नंतर कॅमेरा देवघरात आईच्या फोटोपुढे नेऊन ठेवला, उदबत्ती लावली आणि म्हणाली, "आई, बघ. हललेला नाही."

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. पाठीच्या झाकणातला स्पंज कुजून डांबरासारखा झाला होता. तो तिने दातकोरणीने खरवडून काढला आणि तिथे काळी लोकर चिकटवली. शटर सगळ्या वेगांवर उघडझाप करत होतं. पिवळ्या चौकोनात धुराडं जुळलं, मीटरभरावरचा दोराही जुळला. मग फिल्म. पहिला रोल तिने माहितीपुस्तक वाचून घातला, छत्तीस फोटो काढले, आणि गावातल्या कोइकेच्या दुकानात धुवायला दिला. कोइके हा गावात फिल्म धुणारा शेवटचा माणूस. त्याने कोरी पट्टी परत दिली. "बाई, फिल्म दात्यांत अडकलीच नव्हती. फिल्म पुढे सारताना वरची चकती फिरतेय का, ते बघत जा." तोकिएला लाज वाटली, पण फार नाही. फिल्म घालणं तिचं काम कधीच नव्हतं.

किसाएला हे कळायला किती वेळ लागणार! ती दोन दिवसांत काठी टेकत हजर झाली. एकोणऐंशीची झाली होती, पण जीभ होती तशीच.

"तोकी, माझा फोटो काढ. मेल्यावर लावायचा."

"आज काय मध्येच, किसाए-सान?"

"त्या ओगुचीबाईंच्या अंत्यविधीला गेले होते. फोटो कुठला, तर पुतण्याच्या लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो संगणकावर पुसायला गेले, तर बाईंचा अर्धा कानही गेला. अर्ध्या कानाने माणूस देवापुढे जायचा? माझा फोटो चांगला हवा. आणि तो या कॅमेऱ्यानेच हवा. माझ्या टेबलावरून गेलेला असणार तो."

"माझ्या टेबलावरून," तोकिए म्हणाली.

"तुझ्यानंतर माझ्या. शेवटचा हात माझा होता."

हे भांडण साठ वर्षं जुनं होतं. दोघींनी ते चहाबरोबर थोडं चघळलं, आणि रविवारी तलावाकाठी जायचं ठरलं.

किसाए नवा राखाडी किमोनो नेसून बाकावर बसली. मागे पाणी होतं आणि पाण्यापलीकडे तेच धुराडं. तोकिएने चकती फिरतेय हे दोनदा पाहिलं, नेम धरला, दोन किसाए एक केल्या आणि कळ दाबली. संपूर्ण रोल तिने असाच संपवला. घरी जाताना किसाएला म्हणाली, "पापण्या मोजता येतील बघा."

कोइकेने फोटो हातात दिले ते खाली मान घालून. सगळ्या फोटोंत मागचं धुराडं विटा मोजण्याइतकं स्पष्ट आलं होतं आणि पुढे किसाएच्या जागी एक राखाडी धुकं बसलं होतं.

किसाएने फोटो हातभर लांब धरला. "हा माझा चेहरा आहे की फुटका तोफू? लोक उदबत्ती लावतील आणि म्हणतील, अरेरे, धुराडं गेलं. भलं होतं बिचारं!"

कोइके खुदकन हसला. तोकिए हसली नाही.

तिने आणखी एक रोल काढला, मिनाकोचा आणि दारातल्या पर्सिमनच्या झाडाखाली बसलेल्या मांजराचा. मिनाको पुसट, मांजर पुसट. त्यांच्यामागचे डोंगर मात्र असे आले होते की वाटा दिसाव्यात. आता हा योगायोग म्हणायची सोय उरली नाही. जवळचं जुळत नव्हतं. ज्याच्यावर तिने आयुष्य तोललं होतं ते जुळवणंच चुकलेलं होतं.

तिने भिंगामागे, फिल्मच्या जागी, धुरकट चिकटपट्टी लावली, शटर उघडं ठेवलं आणि त्यावर दोऱ्याची प्रतिमा पाहिली. तिला ती स्वच्छ दिसली. पण तिला दिसली, त्याला काय अर्थ? दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. फोटोला काही म्हातारे डोळे नसतात. आज डोळे फसवत असतील तर तेव्हा फसवत नव्हते कशावरून? मुकादम म्हणायचा, जांभळा दिसला की तपासू नका. म्हणजे कुणी तपासलेच नव्हते! कुठल्या कुठल्या देशांतली घरं तिच्या डोळ्यांपुढे आली. बाळाची पहिली पावलं पुसट, नवरी पुसट, आजोबा पुसट, आणि मागचं झाड तेवढं ठसठशीत. आणि त्या सगळ्या बिचाऱ्यांना वाटलं असणार, आपलाच हात हलला.

तिने औषधाच्या दुकानातून लाल आणि निळं नखपॉलिश आणलं, रिकाम्या बाटलीत घोटून जांभळं केलं, आणि पेचकस घेऊन बसली. ठिपका फोडायचा, स्क्रू फिरवायचा, नवा ठिपका द्यायचा. पाच मिनिटांचं काम होतं. पण ठिपका फोडणं म्हणजे चौदा वर्षं खोटी होती असं स्वतःच्या हाताने लिहून देणं. तिने पेचकस टेकवला आणि उचलला, असं तीनदा केलं. शेवटी कॅमेरा आणि बाटली पिशवीत टाकून ती किसाएच्या घरी गेली. कबुली द्यायचीच तर ती ज्या टेबलावर माल जायचा त्या टेबलाला द्यावी.

किसाएच्या ओसरीवर सोललेली पर्सिमनची फळं दोऱ्यांना टांगून वाळत घातली होती. तोकिएने चहाला हात लावला नाही.

"किसाए-सान, जांभळा ठिपका खोटा होता. तुमच्याकडे मी चुकीचे कॅमेरे पाठवले. तुम्ही शटर तपासून पुढे पाठवलेत, त्यात तुमचा दोष नाही. ते सांगायला आले."

किसाए टोमणा मारायला तोंड उघडून बसली होती. तिने ते मिटलं. पिशवीतला कॅमेरा काढून तिने तोकिएपुढे ठेवला.

"कसा काढतेस ते दाखव," ती म्हणाली. "ही किटली घे. काढ फोटो."

तोकिएने कॅमेरा डोळ्याला लावला. डाव्या हाताने कडी फिरवली. दोन किटल्यांची एक झाली. कळ दाबली.

"परत कर."

तिने परत केलं.

"आता शेवटचं. हळू कर."

तिसऱ्या वेळी किसाएने मान वाकडी करून फक्त डावा हात पाहिला. आणि मग ती हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग कवळी सुटायला आली तेव्हा ती हाताने धरून हसली. तोकिएला इतका राग आला की ती उठायलाच लागली.

"बस, बस, वेडाबाई! तुझा डावा हात काय करतो ते ठाऊक आहे तुला? तू किटली जुळवलीस. छान जुळवलीस. मग कडी परत अनंतावर नेलीस. आणि मग कळ दाबलीस!"

तोकिए आपल्या हाताकडे बघत राहिली. कडी खरोखरच शेवटच्या खुणेवर, आडव्या पडलेल्या इंग्रजी आठावर, टेकलेली होती. ती तिने तिथे नेल्याचं तिला आठवतच नव्हतं. भिंग आत होतं. जीभ बाहेर नव्हती.

"धुराडं स्पष्ट का आलं कळलं? तू सांगितलंस म्हणून आलं. कॅमेऱ्याने तुझं शब्दशः ऐकलं. जित्याची खोड ती! काखेत कळसा आणि बाई कबुली द्यायला गावभर." किसाएने डोळे पुसले. मग हसू ओसरल्यावर, बाहेर टांगलेल्या फळांकडे बघत ती म्हणाली, "पहिला आठवडा सोड. त्यानंतर चौदा वर्षांत तुझ्याकडून आलेला एकही कॅमेरा मला परत करावा लागला नाही. एकसुद्धा. तुझा कॅमेरा आला की मी न बघता साच्यात घालायचे. तेव्हा बोलले नाही, कारण तू डोक्यावर बसली असतीस."

तोकिएने चहाचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तिला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. मुकादम म्हणाला होता ते वेगळं, पण ज्या बाईने सारं आयुष्य तिच्या चुका शोधण्यात घालवलं तिने हे म्हणावं! तिला एवढा अभिमान वाटला की पाठीचा बाक गेला आणि ती सरळ बसली. पिशवीतली बाटली तिने चाचपून पाहिली. ठिपका फोडला नव्हता, हे केवढं बरं झालं.

आता काम सोपं असायला हवं होतं. हात आवरायचा, बस्स. पण हात आवरेना. तोकिएने ठरवून पाहिलं, मोठ्याने "नेऊ नकोस" म्हणत पाहिलं. कळ दाबायची वेळ आली की डावा हात आपला मुकाट्याने अनंताकडे निघालेला असायचा. किसाएने कडी चिकटपट्टीने बांधायची सूचना केली. तोकिए म्हणाली, "माझ्या हाताला बांधायचं? या वयात?"

किसाए गुडघ्यावर हात टेकत उठली. आतून ती एक पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात एक काळी, कापडी वेष्टनाची, चांगली मीटरभर लांब तार गुंडाळलेली होती. एका टोकाला बारीक पेच, दुसऱ्या टोकाला दाबायची गुंडी. शटर टेबलाची तार, गुंडी दाबली की लांबूनच कॅमेऱ्याची कळ दाबली जायची. नोकरी सुटली तेव्हा हीच तेवढी तिने मागून घेतली होती.

"तू जुळव," ती म्हणाली. "दाबणं हे मुळात तुझं कामच नव्हे. दुसऱ्याच्या टेबलात नाक खुपसलंस म्हणून हे सगळं झालं."

"पण तुम्हाला कसं कळणार कधी दाबायचं ते? तुम्ही तर समोर बसलेल्या असणार."

"चौदा वर्षं तुझ्या हाताची वाट बघत बसले, तोकी. तो कधी थांबतो ते मला कळतं."

रविवारी पुन्हा तलावाकाठ, तोच बाक, तोच राखाडी किमोनो. तोकिएने तार कॅमेऱ्याच्या कळीत पिळून बसवली आणि गुंडी किसाएच्या मुठीत दिली. कॅमेरा डोळ्याला लावला. पिवळ्या चौकोनात दोन किसाए होत्या, दोघींच्या कपाळावर सारख्याच आठ्या. तोकिएने कडी फिरवली. त्या हळूहळू एकमेकींत सरकल्या. डावा डोळा डाव्या डोळ्यावर आला, आणि हात थांबला.

टक्.

आवाज झाला तेव्हा हात परत निघायचाच होता. किसाएने समोरून, हाताकडे बघत, नेमक्या वेळी दाबलं होतं. तोकिएने फिल्म पुढे सारली, हात पुन्हा थांबला, पुन्हा टक्. दहा-बारा फोटोंनंतर तो जुना वेग आपोआप लागला, जुळव आणि दाब, जुळव आणि दाब. रोल संपला तेव्हा दोघींना वाईट वाटलं.

कोइकेने या वेळी मान वर करून फोटो दिले. सगळ्यांत चांगला त्याने मोठा करून ठेवला होता. किसाएची प्रत्येक सुरकुती आपापल्या जागी होती, पापण्या खरोखरच मोजता येत होत्या, आणि डोळ्यांत ती तिखट चमक, कुणाच्या तरी हाताकडे लक्ष ठेवून असलेल्या माणसाची. मागचं धुराडं धुक्यात विरून गेलं होतं. फक्त खालच्या कडेने एक काळी तार वर येऊन मुठीत गेलेली दिसत होती.

"ही तार मी काढून टाकतो," कोइके म्हणाला. "संगणकावर दोन मिनिटांचं काम आहे. कान शाबूत राहतील, काळजी नको."

"हात लावाल तिला तर बघा!" किसाए म्हणाली. "तार गेली तर लोकांना वाटेल फोटो हिने एकटीने काढला."

तोकिएने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिने दुकानाच्या टेबलावर फोटो पालथा घातला आणि पिशवीतून ती बाटली काढली, जिचं आता दुसरं काही काम उरलं नव्हतं. कोपऱ्यात, मसुराच्या अर्ध्या डाळीएवढा, एक जांभळा ठिपका दिला. फुंकर घालून वाळवला. मग फोटो उजवीकडे सरकवला, जिथे किसाए हात पुढे करून उभी होती.